पाण्यावरचा पहारा



वैशाखाचे ऊन तापू लागले, की निपाणीच्या आसपासच्या मळ्यांतील विहिरींवर पूर्वी मुलांची जत्रा भरे. कमरेला वाळका भोपळा किंवा पाठीशी पांगाऱ्याचा ओंडका, आणि काठावर उभा राहून हाका मारणारा एखादा मामा किंवा थोरला भाऊ, एवढ्या सामग्रीवर पिढ्यान् पिढ्या पोहायला शिकल्या. मीही तसाच शिकलो. पाणी हिरवट असे, पायऱ्यांवर शेवाळ असे, प्रसंगी बेडूकही सोबतीला असे. घरच्यांना भीती वाटे ती मूल विहिरीत बुडण्याची; विहिरीतल्या पाण्याची भीती कोणालाच वाटत नसे.

आज बेळगावची मुले गोवावेसच्या जलतरण तलावावर किंवा के. एल. ई. संस्थेच्या सुवर्ण जे. एन. एम. सी. तलावावर पोहायला जातात. पाणी निळेशार दिसते, तळाची फरशी स्पष्ट दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते, की आता काळजी मिटली. वस्तुतः काळजी मिटलेली नसून तिची जागा तेवढी बदललेली आहे. हिरव्या विहिरीवर आमचा जसा आंधळा विश्वास होता, तसाच निळ्या तलावावर आजच्या मुलांच्या आईबापांचा आहे. अनेक माणसांनी एका पाण्यात उतरावे आणि तरीही ते पाणी निर्धोक राहावे, ही गोष्ट निसर्गाने आपणांस कधीच फुकट दिलेली नाही. ती मिळविण्यासाठी माणसाला काय काय शिकावे लागले, आणि शिकत असताना तो कोठे कोठे चुकला, याची कथा आपल्या या सीमाभागाच्या मातीत बरीचशी सापडते. ती आज सांगावयाची आहे.

जुन्या काळी पाण्याविषयी आपल्या लोकांना काहीच समजत नव्हते, असे मानणे अन्यायाचे होईल. नदीकाठच्या गावांत पिण्याचे पाणी वरच्या अंगाला भरावे, धुणे त्याच्या खाली धुवावे आणि गुरे त्याच्याही खाली धुवावीत, असा क्रम ठरलेला असे. बेळगावचे कपिलेश्वराचे तीर्थ, किल्ल्याजवळचे तळे, खेड्यापाड्यांतील पायविहिरी, या प्रत्येकाला आपापली शिस्त होती. पायताण बाहेर काढावे, चूळ पाण्यात टाकू नये, पाण्याचा अपमान करू नये, हे संस्कार लहानपणीच होत. परंतु ही सारी शिस्त डोळ्यांना दिसणाऱ्या मळाविरुद्ध होती. जो मळ डोळ्यांना दिसत नाही, त्याविरुद्ध तिच्यापाशी इलाज नव्हता. आणि या शिस्तीचा सर्वांत कडक भाग पाण्यावर पहारा ठेवीत नव्हता. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर कोण पाऊल टाकतो, यावर तो पहारा ठेवीत होता.

न दिसणाऱ्या मळाचा हिशेब या भागाने पिढ्यान् पिढ्या चुकता केला तो नारूच्या रूपाने. आजच्या तरुण श्रोत्यांना हा शब्दही अनोळखी असेल. त्यांच्या आजोबांना विचारावे. पायावर फोड येई, आग होई, फोड फुटे आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोके वर काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावयाचा. लांबी हातभर, कधी दोन हातही भरे. मधेच तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. आणि हे दुखणे नेमके शेतीच्या हंगामात घरच्या कर्त्याला धरी.

हा किडा शरीरात शिरतो कसा, याचा उलगडा १८७० च्या सुमारास फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने केला. पायाची आग शमविण्यासाठी नारूचा रोगी पायविहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडतो. पाण्याचा स्पर्श होताच मादी आपली असंख्य पिल्ले पाण्यात सोडते. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव ती पिल्ले गिळतो. तोच जीव पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातो. आणि सुमारे एका वर्षाने त्याच्या पायावर फोड येतो. या साखळीत एक कडी अशी आहे, की जी पाणी शेंदण्याच्या विहिरीत जुळत नाही आणि पायविहिरीत मात्र जुळते. ती कडी म्हणजे माणसाचा पाण्यात बुडणारा पाय. जेथे आपण उतरतो तेथेच आपण पितो, हा नारूचा आधार होता. मध्य आशियातील बुखारा शहरात पायऱ्यांचे दगडी हौद होते आणि त्या शहरालाही नारूने असेच ग्रासले होते. ते हौद कोरडे करून बंद केल्यावर १९३१ पर्यंत तेथून नारू नाहीसा झाला.

आपल्या देशात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ साली सुरू झाला. नारूग्रस्त राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही होता आणि कर्नाटकही. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधावयाचे, हातपंप बसवावयाचे, पाणी दुहेरी फडक्याने गाळावयाचे, सायक्लॉप्स मारणारे औषध पाण्यात घालावयाचे, असे साधे उपाय होते. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. या विजयात ना कोणती लस होती, ना रोग बरा करणारी गोळी. पाण्याकडे पाहण्याची माणसाची रीत बदलली, एवढ्यानेच हा रोग गेला.

नारू माणसाला पांगळे करी. पटकी माणसे नेई. १८८४ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ पटकीचा शोध घेत कलकत्त्यात काम करीत होता. शहराच्या एका भागात एका तळ्याभोवती पटकीने माणसे मरत होती. त्याच तळ्यात लोक अंघोळ करीत, त्यातच कपडे धूत आणि तेच पाणी पीत. त्या तळ्याच्या पाण्यात कॉखला पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू सापडला. सर्वांच्या उपयोगाचे तळे हेच रोगाचे घर असू शकते, ही गोष्ट भारताच्याच एका तळ्याने जगाला दाखवून दिली.

पण जंतू सापडणे वेगळे आणि त्याचा बंदोबस्त करणे वेगळे. आग्र्याच्या प्रयोगशाळेतील हँकिन या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८९० नंतरच्या दशकात, पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पुढे कित्येक वर्षे साथीच्या दिवसांत हे जांभळे औषध विहिरींतून पडत राहिले. औषध टाकल्यावर रंग लगेच उडून गेला, तर ते कमी पडले असे समजावयाचे आणि आणखी घालावयाचे. फिकट गुलाबी छटा काही काळ टिकली, म्हणजे औषध पुरेसे झाले. या साध्या सूचनेत जलशुद्धीचे सारे शास्त्र बीजरूपाने आहे. किती औषध टाकले, याला महत्त्व नाही. पाण्यातील घाण त्यातले किती खाऊन टाकते आणि त्यानंतर किती शिल्लक उरते, याला आहे. घर चालविणाऱ्या गृहिणीस हे सांगण्याची गरज नाही. महिन्याचा पगार किती, यापेक्षा खर्च वजा जाता हाती काय उरते, यावर तिचे घर सुरक्षित असते.

आता बेळगावच्याच एका पाणवठ्याकडे वळू. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत राष्ट्रीय सभेचे ३९ वे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याच्या व्यवस्थेचा भार उचलला होता. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर असे नाव दिले होते, आणि तेथे जमणाऱ्या हजारो माणसांसाठी एक मोठी विहीर खणली, तिचे नाव पंपासरोवर. आजही बेळगावकर तिला काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात.

हजारो माणसे काही दिवसांसाठी एका जागी आली, म्हणजे नुसती विहीर खणून भागत नाही. विहिरीइतकेच महत्त्व शौचकूपांना येते, कारण एकाची घाण दुसऱ्यात झिरपली, तर सारा समारंभ साथीत बुडावयाचा. या अधिवेशनात शौचकूपांच्या सफाईचे काम स्वयंसेवकांनी पत्करले, आणि त्यांत उच्चवर्णीय म्हणविणारे तरुणही होते. त्याच दिवसांत गांधीजींनी असा विचार मांडला, की पाश्चात्त्यांकडून आपण अवश्य शिकावी अशी गोष्ट म्हणजे त्यांचे नागरी स्वच्छतेचे शास्त्र. परकी सत्तेशी झुंजणाऱ्या पुढाऱ्याने हे सांगावे, आणि तेही बेळगावच्या अधिवेशनाच्या दिवसांत सांगावे, याला मोठा अर्थ आहे. स्वराज्याची मागणी करणाऱ्यांनी आधी आपल्या गावच्या विहिरीचे आणि गटाराचे अंतर मोजावे, असा तो अर्थ होता.

यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या काळी बहिष्कृत समाजापुढे जे प्रश्न जळत होते, त्यांत सार्वजनिक पाणवठ्यांचा प्रश्न आघाडीवर होता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक विहिरींवरील अस्पृश्यतेविरुद्ध हुकूम काढले होते. मुंबईच्या विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला होता, आणि त्यान्वये सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा सर्वांना खुल्या व्हावयाच्या होत्या. कागदावर पाणी मोकळे झाले होते. काठावर मात्र नव्हते. निपाणीच्या परिषदेनंतर दोन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी गेले आणि ओंजळीने पाणी प्याले.

त्यानंतर जे घडले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. माणसांच्या ओंजळी लागल्याने तळे बाटले, असे काहींनी ठरविले, आणि ते शुद्ध करण्यासाठी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, दही, दूध, गोमूत्र, शेण यांनी युक्त घागरी मंत्रघोषात पाण्यात बुडविल्या. कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू दाखवून तेव्हा ४३ वर्षे होऊन गेली होती. पाण्यात विष्ठा जाऊ नये, हा जलशुद्धीच्या शास्त्राचा पहिला धडा. आणि येथे शेण घालून तळे शुद्ध झाल्याचे समाधान मानले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली तळ्याच्या खटल्यात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा हक्काचा प्रश्न सुटला. परंतु त्या तळ्याने जो दुसरा प्रश्न विचारला, तो प्रत्येक सार्वजनिक पाण्याला लागू आहे. पाण्याचा मळ कोणता? ज्या ओंजळीत केवळ तहान होती, तिला आपण मळ म्हटले. आणि खरा मळ आपल्याच हातांनी पाण्यात सोडला.

या बाबतीत आपणच तेवढे चुकलो, असे कोणी समजू नये. इंग्लंडात १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा झाला आणि शहरोशहरी पोहण्याचे तलाव उभे राहिले. पण तलाव भरावयाचा, काही दिवस वापरावयाचा आणि मग रिकामा करावयाचा, अशीच तेव्हा रीत होती. नवे पाणी भरलेल्या दिवशी तिकीट महाग असे. पाणी जसजसे गढूळ होई, तसतसे तिकीट उतरे. पैसेवाल्याला स्वच्छ पाणी आणि गरिबाला त्याचे उरलेले, हा तेथील वर्णभेद. अमेरिकेत विसाव्या शतकात कित्येक शहरांच्या तलावांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते आणि त्यासाठी रोगाच्या भीतीचे निमित्त पुढे केले जाई. मुंबईतील ब्रीच कँडीचा तलाव दीर्घकाळ युरोपियनांसाठीच राखून ठेवलेला होता. देश कोणताही घ्या, माणसाने दारावर पहारा बसविला आणि पाणी मोकळे सोडले. जंतूला मात्र ना जात, ना वर्ण, ना तिकिटाचा दर.

पाण्यावर खरा पहारा बसविला तो क्लोरीनने. १८९७ साली इंग्लंडातील मेडस्टन येथे विषमज्वराची साथ आली असता पाण्याच्या नळांत ब्लीचिंग पावडर वापरण्यात आली. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा नित्य वापर सुरू झाला, आणि १९१० मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात त्याचा प्रयोग झाला. पुढे वाळूच्या गाळण्या आल्या, पाणी सतत फिरते ठेवणारे पंप आले, आणि दर आठवड्याला तलाव उपसण्याचे कारण उरले नाही. एकच पाणी गाळून आणि औषध देऊन महिनोन् महिने वापरता येऊ लागले. सोय झाली, परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली. जुन्या रीतीत पाणी बिघडले की डोळ्यांना दिसे. नव्या रीतीत ते बिघडले, तरी निळेच दिसते.

तलावातील पहारा कसा चालतो, ते थोडक्यात सांगतो. क्लोरीन पाण्यात मिसळला, की त्यापासून जंतू मारणारे एक आम्ल तयार होते. हे काम नीट व्हावयाचे, तर पाण्याची आम्लता ठरावीक मर्यादेत हवी. शास्त्रज्ञ ती पीएच या मापाने मोजतात. तलावासाठी ती साधारण ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावी. ती याहून वर गेली, तर क्लोरीन पाण्यात असूनही आळशी पहारेकऱ्यासारखा नुसता उभा राहतो. मोकळा, म्हणजे घाणीशी न जुळलेला क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम सतत शिल्लक असावा लागतो. उन्हाने तो उडतो, घामाने खर्च होतो, लघवीने तर फारच खर्च होतो. म्हणून सकाळी मोजला आणि दिवसभर विसरला, असे चालत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही तलावाच्या पाण्यासाठी आय. एस. ३३२८ हे मानक ठरवून दिलेले आहे.

तलावावर गेल्यावर नाकाला झोंबणारा वास आला, की पुष्कळांना वाटते, औषध भरपूर घातलेले आहे. हा समज उलटा आहे. तो तिखट वास मोकळ्या क्लोरीनचा नसून, घाम आणि लघवी यांच्याशी जुळून निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यामुळेच. अशा तलावाला वास येतो याचा अर्थ, तेथे औषध जास्त झाले नसून माणसांचा मळ जास्त झाला आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करावी, हा नियम पाटीवर लिहिलेला असतो आणि सर्वांत अधिक मोडला जातो तोही तोच. आमची आजी नदीवर जातानाही घरून पाय धुऊन निघावे म्हणत असे. तिला पीएच माहीत नव्हता, पण नियमाचे मर्म तिने ओळखले होते.

क्लोरीनलाही दाद न देणारे शत्रू आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा अतिसाराचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये कित्येक दिवस जिवंत राहतो. त्यावर तलावाच्या चालकापाशी चटकन लागू पडणारा उपाय नाही; उपाय आहे तो आईबापांच्या हाती. मुलाला जुलाब होत असतील, तर त्याला तलावावर पाठवू नये आणि बरे झाल्यावरही काही दिवस थांबावे. महिन्याची फी भरली आहे म्हणून पाठविणारा बाप स्वतःच्या नकळत शंभर मुलांच्या पाण्यात विष कालवीत असतो.

गरम पाण्याच्या टाक्यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण महामार्गावरील विश्रामगृहांतून त्यांचे वेड अलीकडे वाढत आहे. आपल्या कोकणात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे अशी उष्ण पाण्याची ठिकाणे पूर्वापार आहेत; पण तेथे नवे पाणी भूगर्भातून सतत येत असते. विश्रामगृहातील टाकीत चार माणसे थोड्या पाण्यात बसतात, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. ऊब जंतूंना मानवते, क्लोरीनला मानवत नाही. म्हणून अशा टाकीत शिल्लक क्लोरीन लिटरमागे निदान ३ मिलिग्रॅम हवा, असे तज्ज्ञ सांगतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी माजी सैनिकांच्या मेळाव्यात फुप्फुसाचा एक नवा रोग उद्भवला, त्याच्या जंतूला लीजिओनेला असे नाव पडले. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल येथील फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या उष्ण पाण्याच्या टाकीतून तो पसरला आणि ३२ माणसे दगावली. त्यांना पाण्यात उतरण्याचीही गरज पडली नाही. पाण्याचे तुषार श्वासाबरोबर आत गेले, तेवढे पुरले.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर केरळकडे पाहावे. २०२४ आणि २०२५ साली तेथे नेग्लेरिया या सूक्ष्म अमीबामुळे मेंदूज्वराचे रोगी आढळले. हा अमीबा १९६५ साली ऑस्ट्रेलियात प्रथम ओळखला गेला. तो कोमट गोड्या पाण्यात राहतो, पाणी पिण्याने बाधत नाही, पण बुडी मारताना नाकात गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. आणि मग माणूस क्वचितच वाचतो. रोग दुर्मीळ आहे, त्यामुळे घाबरून पोहणे सोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या हिरव्या विहिरीवर माझा निःशंक विश्वास होता, तिच्याविषयी आज मी नातवाला दोन सूचना दिल्याशिवाय राहणार नाही, हेही खरे.

आपल्या सीमाभागात पाण्याची कथा आणखी एका कारणाने अवघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. नद्यांनी त्या मान्य केल्या नाहीत. वेदगंगा आणि दूधगंगा महाराष्ट्रातील सह्याद्रीत उगम पावतात आणि निपाणी-चिकोडीच्या शिवारांतून पुढे कृष्णेला मिळतात. वरच्या गावाने नदीत सोडलेले खालच्या गावाच्या घागरीत येते. २०१२ साली निपाणीपासून फारशा दूर नसलेल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तिचे मूळ दूषित पाण्यातच होते. त्या पाण्याने कोणाची मातृभाषा विचारली नाही. सीमेच्या अलीकडे गावोगाव जो माणूस टाकीत औषध टाकतो, त्याला वॉटरमन म्हणतात. पलीकडे त्यालाच जलसुरक्षक म्हणतात. पलीकडे पावडरीला टीसीएल म्हणतात आणि शिल्लक क्लोरीनच्या तपासणीला ओटी चाचणी. नावे कोणतीही असोत, त्या अल्प वेतनावरील माणसाने रोज पहाटे चमचाभर पावडर टाकली किंवा न टाकली, यावर सबंध गावाचे आरोग्य उभे असते. तलावावरील रखवालदाराचे कामही त्याच जातीचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका शहरातील तलावावर गेलो होतो. शहराचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील खोलीत खिळ्याला एक वही अडकविलेली होती. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच असे रकाने नीट आखलेले. मी सहज पाने उलटली. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ एकच आकडा लिहिलेला, एकाच शाईने आणि एकाच बैठकीतला दिसावा अशा हाताने. पुढील आठवड्याचे दोन दिवसही आधीच भरून ठेवलेले होते. बाहेर मुले खिदळत उड्या मारीत होती, पाणी निळे दिसत होते. मी रखवालदाराला विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तपासायचं औषध संपून तीन महिने झाले. मागितलं आहे. पण वही कोरी ठेवली तर मला बोलतात."

त्या माणसावर मला राग धरता आला नाही. त्याच्यावर वही तपासणारा साहेब होता, पाणी तपासणारा नव्हता. पायविहिरीच्या काठावर आपण असेच पहारे बसविले होते. माणूस कोणत्या आळीचा हे तेथे विचारले जाई, पाण्यात काय आहे हे विचारले जात नसे. काठ बदलला, पायऱ्यांच्या जागी फरशी आली, परंतु पहारा चुकीच्या जागी बसविण्याची आपली खोड अजून गेलेली नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. दररोज मोजलेला शिल्लक क्लोरीन आणि पीएच तलावाच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहावा, वेळेसह लिहावा. तिकीट काढणाऱ्याने तो वाचावा, आणि फळा कोरा असेल, तर कोरा का, असे विचारावे. ज्याला शंका येईल त्याच्यासमोर रखवालदाराने नळीत पाणी घेऊन, औषधाचा थेंब टाकून रंग दाखवावा. हँकिनच्या काळी विहिरीतील गुलाबी छटा सारा गाव काठावरून पाहू शकत असे. ती परीक्षा ओबडधोबड होती, पण उघड्यावर होती. आजची परीक्षा सूक्ष्म झाली आणि बंद खोलीतील वहीत जाऊन बसली. तिला पुन्हा काठावर आणणे, एवढेच काम आहे.

सार्वजनिक पाणी सर्वांना मोकळे असावे, यासाठी निपाणीत आणि महाडला आपल्या वडीलधाऱ्यांनी झगडा केला. ते पाणी निर्धोक असावे, हा त्याच झगड्याचा उरलेला भाग आहे. दार उघडून मुलाला आत घेतले आणि पाण्याकडे पाठ फिरविली, तर दिलेला हक्क अर्धाच राहतो.

परवा नातवाला घेऊन तलावावर गेलो होतो. त्याने अंघोळ केली, टोपी घातली आणि पाण्याकडे धावला. मी त्याला हाक मारून थांबविले आणि म्हणालो, "आधी फळा वाच." त्याने मोठ्याने आकडे वाचले, तेव्हा आसपासच्या तीन-चार मुलांनीही माना वळवून फळ्याकडे पाहिले. मग तो सूर मारून पाण्यात शिरला.